हलवलं की कॉपी केलं?

खोटे दात बनवण्याच्या धंद्यात खोटं न बोलणारा माणूस शिरला की काय होतं, हे ज्याला बघायचं असेल त्याने जावईबापूंना भेटावं. माणूस वाईट नाही. उलट इतका चांगला, की त्याच्या चांगुलपणाचा आजूबाजूच्यांना वैताग यावा.

जावईबापू हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. लॅब सासूबाईंची. लग्नानंतर हे स्वतःची नोकरी सोडून तिथे कामाला आले, तेव्हा पहिल्याच दिवशी प्लास्टरवाल्याने "या, जावईबापू" म्हणत खुर्ची पुढे केली, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आता केस पिकले, चष्मा जाड झाला, स्वतःची मुलगी नोकरीला लागली, पण हे अजून जावईबापूच. सासूबाई तीच हाक मारतात, कामगार तीच मारतात, आणि फार लाडात आली तर बायकोसुद्धा तीच मारते.

लॅब म्हणजे रस्त्याला लागून एक काउंटर, त्यामागे प्लास्टरचं टेबल, त्यामागे पॉलिशची मोटर, आणि सगळ्यात मागे बिनखिडकीच्या खोलीत कॉम्प्युटर आणि दात कापायचं मशीन. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे साचे पाठवतात, लॅब त्यावरून कवळ्या करून देते. काही गिऱ्हाइकं कवळी घासायला, सैल झालेली बसवायला थेट काउंटरवर येतात. सुरुवातीला जावईबापूंना काउंटरवरच बसवलं होतं. ती चूक सासूबाईंनी पुढे अनेकदा कबूल केली, आणि त्या चूक कबूल करणाऱ्यांतल्या नव्हेत.

झालं असं, की एक गृहस्थ नव्या बायकोला घेऊन आले. रस्त्यावरून जाता जाता सहज डोकावल्यासारखं करत होते बिचारे. जावईबापूंनी त्यांना ओळखलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "काय, वरची नीट बसली ना? खालची पुढच्या आठवड्यात देतो." नव्या बायकोने नवऱ्याकडे जी नजर टाकली ती बघून पॉलिशवालीने मोटर बंद केली. दुसऱ्या एका बाईंनी नवी कवळी घालून आरशात बघितलं, मान इकडे तिकडे वळवली आणि लाजत विचारलं, "ओळखू येतात का हो खोटे आहेत ते?" यावर साऱ्या जगात एकच उत्तर आहे. जावईबापूंनी चष्मा वर केला, वाकून नीट पाहिलं आणि म्हणाले, "येतात. उजवा सुळा जरा जास्तच पांढरा झालाय." त्या बाईंनी कवळी काढली, काउंटरवर ठेवली आणि तोंड दाबून निघून गेल्या.

"उद्यापासून तुम्ही आत बसायचं," सासूबाई म्हणाल्या. "मशीनपाशी. मशीनला वाईट वाटत नाही."

सासूबाईंबद्दलही सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. बाई करारी. हातात जादू. त्यांनी बसवलेले दात घालून लोक भाषणं करतात, भांडतात, मुलाखती देतात, कुणाला पत्ता लागत नाही. जीभ मात्र अशी, की लॅबच्या पायरीवर पाऊल पडायच्या आत ओरडा सुरू व्हायचा. आणि एका गोष्टीचा त्यांना भारी अभिमान: स्वतःचे दात. "माझे बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत. अजून अक्रोड दाताने फोडते मी," असं त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत. त्यांना अक्रोड फोडताना कुणी पाहिलं नव्हतं, पण अक्रोड घेऊन समोर जायची कुणाची छाती नव्हती.

तर जावईबापू आत गेले आणि तिथे सुखाने रमले. त्या दात कापायच्या मशीनची एक भानगड होती. मशीन बनवणारी कंपनी कधीच गाशा गुंडाळून बसली होती. मशीन ठणठणीत, पण त्याचं सॉफ्टवेअर इतकं जुनं की नव्या कॉम्प्युटरवर पाऊल टाकायला तयार नाही. जुना कॉम्प्युटर धापा टाकायला लागला, तेव्हा कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने युक्ती लढवली. त्या जुन्या कॉम्प्युटरमधलं सगळं, सॉफ्टवेअर, त्याचा परवाना, झाडून सगळ्या गिऱ्हाइकांचे जबडे, असं जसंच्या तसं उचललं आणि नव्या कॉम्प्युटरमध्ये एका फोल्डरात ठेवलं. मग नव्यावर आणखी एक सॉफ्टवेअर टाकलं. ते चालू केलं की पडद्यावर एक चौकट उघडायची आणि त्या चौकटीत तो जुना कॉम्प्युटर पुन्हा जिवंत व्हायचा. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. लॅबमध्ये त्याला 'पोटातला' म्हणत.

सासूबाईंना हे समजावताना जावईबापूंच्या नाकी नऊ आले होते.

"म्हणजे तो पोटातला कॉम्प्युटर आहे की नाही?"

"नाही."

"मग माझं मशीन कोण चालवतं?"

"तोच."

"जो नाहीये तो?"

"हो."

सासूबाई प्लास्टरवाल्याकडे वळून म्हणाल्या, "यांना आज लवकर घरी पाठव रे."

पण जावईबापूंचा त्या पोटातल्यावर जीव होता. तो सरळ प्रश्न विचारायचा आणि त्याला सरळ उत्तर चालायचं. सेव्ह करू का? हो. बंद करू का? नको. कुणी रुसत नाही, कुणी कवळी काढून निघून जात नाही. माणसांनी असंच वागलं तर काय बिघडेल, असं त्यांना मनापासून वाटे.

मग ते अपग्रेडचं प्रकरण आलं. नव्या कॉम्प्युटरने आपलं आपण काहीतरी नवीन ओढून घेतलं आणि तेव्हापासून पोटातला रडतखडत चालायला लागला. एक जबडा उघडायचा म्हणजे चहा पिऊन यावं. दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, "ते व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर जुनं झालंय, त्याची नवी आवृत्ती टाका. पण आधी बॅकअप घ्या. बॅकअप न घेता हात लावलात तर मला फोन करायचा नाही." सासूबाईंनी दिवस ठरवून दिला. त्या दिवशी दुपारी त्यांना दातांच्या कॉलेजात पाहुण्या म्हणून बोलावलं होतं. भाषणाचा विषय, 'स्वतःचे दात जन्मभर'. "मी नसेन त्या दिवशी काय तो गोंधळ घालून घ्या," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी जावईबापू सगळ्यांच्या आधी लॅबमध्ये आले. बॅकअप घ्यावा तर त्यांनीच. पोटातल्याला आधी आतून रीतसर बंद केलं. नुसता थांबवून ठेवला नाही, कारण अर्धवट थांबवलेल्याची नक्कल अर्धवटच उठते. मग तो अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायला लावला आणि पडद्यासमोर हाताची घडी घालून बसले. बायको काउंटर उघडून चहा घेऊन आत आली.

"झालं का?"

"नाही."

"निम्मं तरी झालं?"

"निम्म्याला थोडं कमी."

"म्हणजे निम्मं."

"निम्म्याला थोडं कमी," जावईबापू म्हणाले, आणि बायको कपाळावर हात मारून निघून गेली.

कॉपी संपली. त्यांनी दोन्ही फोल्डर ताडून पाहिले, डिस्क काढली, खणात ठेवली आणि मगच नवी आवृत्ती टाकायला घेतली. आणि नेमक्या त्याच वेळी सासूबाई लॅबमध्ये आल्या.

त्या येणारच नव्हत्या. त्यांना घरी आराम करून थेट कॉलेजात जायचं होतं. अंगावर भाषणाला जायचे इस्त्रीचे कपडे, आणि तोंडावर मास्क. मास्कचं कुणाला नवल वाटलं नाही, प्लास्टरच्या धुळीमुळे तिथे सगळेच मास्क लावत. नवल वाटलं ते याचं, की पायरी चढल्या, काउंटर ओलांडलं, प्लास्टरच्या टेबलापाशी पोचल्या, तरी बाईंनी ब्र काढला नव्हता. 

प्लास्टरवाल्याची पाचावर धारण बसली. ओरडणाऱ्या बाईंची त्याला सवय होती, गप्प बाई त्याने कधी पाहिल्या नव्हत्या. "काय चुकलं आपलं?" त्याने पॉलिशवालीला खुणेनेच विचारलं. तिने खांदे उडवले आणि मोटर चालू केली.

सासूबाई आतल्या खोलीत गेल्या. कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं, मग मशीनकडे, आणि हाताने 'चालू करा' अशी खूण केली.

"आता नाही येणार, आई," जावईबापू म्हणाले. "अपग्रेड चाललंय. मधेच सोडलं तर पोटातल्याचं काही खरं नाही."

सासूबाईंनी पाय आपटला.

"आई, बरं नाहीये का?"

त्यांनी जोरात मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. मग त्या बाहेर आल्या आणि प्लास्टरच्या टेबलाशेजारी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, नुसत्या बघत. आता सांगा, असं कुणी डोक्यावर उभं राहिल्यावर कामगाराने काय करावं? प्लास्टरवाल्याने आपण किती कामात आहोत हे दाखवायचा चंग बांधला. भट्टी लावली. साचे घासायचं चाक लावलं. वाफेचं यंत्र लावलं. पॉलिशची मोटर चालू होतीच. एक 'फट्ट' असा आवाज झाला आणि सगळी लॅब काळोखात गेली.

आतून जावईबापूंची एकच किंकाळी ऐकू आली. त्या माणसाला इतक्या मोठ्याने ओरडताना कुणी कधी ऐकलं नव्हतं.

फ्यूज बदलला, दिवे आले, कॉम्प्युटर उठला. नवी आवृत्ती परत पहिल्यापासून टाकली, ती बसली. पण वीज गेली तेव्हा पोटातल्याची मोठी फाईल नव्या साच्यात बसवायचं काम अर्ध्यावर होतं. आता तो उघडेचना. 'फाईल वाचता येत नाही' एवढंच म्हणे. बायको दारात येऊन उभी राहिली. "गेलं का सगळं?" सगळ्यांचे जबडे त्यात होते.

"मूळ गेलं," जावईबापू म्हणाले. "बॅकअप आहे." आणि त्यांनी खणातून डिस्क काढली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज होतं ते बघून बायकोला क्षणभर त्यांचं कौतुक वाटलं.

डिस्कवरचा फोल्डर पुन्हा कॉम्प्युटरवर आणला. उघडला. आणि पडद्यावर एक प्रश्न आला. हे मशीन तुम्ही हलवलंत, की त्याची कॉपी केलीत? खाली दोन बटणं: 'हलवलं' आणि 'कॉपी केली'.

जावईबापूंना प्रश्न आवडला. सरळ होता. त्यांनी कॉपीच केली होती. मूळ काही डिस्कवर गेलं नव्हतं, जागेवरच होतं, मोडकं का होईना. त्यांनी 'कॉपी केली' दाबलं. पोटातला उठला, जुना पडदा दिसला, जावईबापूंचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी दातांचं सॉफ्टवेअर उघडलं आणि ते म्हणालं, हा परवाना या कॉम्प्युटरचा नाही.

"असं कसं?" ते म्हणाले. तो फोल्डर पुसला, डिस्कवरून पुन्हा आणला. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच खरं उत्तर, पुन्हा परवाना नाही. सासूबाई दारातून आत डोकवायच्या, घड्याळाकडे बघायच्या, बाहेर जायच्या. शेवटी जावईबापूंनी दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"तुम्ही 'कॉपी केली' म्हणालात ना?" दुरुस्तीवाला म्हणाला. "तिथेच घोळ आहे. कॉपी म्हटलं की ते त्याला नवं ओळखपत्र देतं. आणि तुमचं दातांचं सॉफ्टवेअर जुनं ओळखपत्र बघूनच आत घेतं. पुन्हा डिस्कवरून आणा आणि 'हलवलं' म्हणून सांगा."

"पण मी हलवलं नाही."

"माहितीये हो."

"कॉपी केलीय. मूळ इथेच आहे."

"जावईबापू, त्याला काय कळतंय!"

"मला कळतंय ना. दुसरा काही मार्ग?"

"कंपनीकडून नवा परवाना मागवा."

"कंपनी बंद पडलीय."

"मग बोला खोटं!" दुरुस्तीवाला ओरडला आणि त्याने फोन ठेवला.

जावईबापूंनी फोल्डर पुन्हा आणला. प्रश्न पुन्हा पडद्यावर आला. ते माऊसवर हात ठेवून बसून राहिले. हसू नका. तुमच्यामाझ्यासारख्याला हा पोरखेळ वाटेल, पण ज्याने आयुष्यात बायकोच्या बिघडलेल्या भाजीलासुद्धा बरी म्हटलं नाही, त्याच्यापुढे दोनच बटणं होती आणि त्यातलं चालणारं बटण खोटं होतं. घाम फुटला त्यांना.

तेवढ्यात सासूबाई आत आल्या. त्यांनी दार लावलं, कडी घातली आणि मास्क काढला.

जावईबापू बघतच राहिले. वरचा ओठ आत गेला होता, गाल बसले होते. नाकाखालचा सगळा चेहरा दुसऱ्याच कुठल्या म्हातारीचा वाटत होता. सासूबाईंनी पर्समधून रुमाल काढला, उघडला. आत वरच्या कवळीचे दोन तुकडे होते.

"तुमचे दात खो..." जावईबापू मोठ्याने म्हणायला लागले, आणि सासूबाईंनी झेप घेऊन त्यांचं तोंड दाबलं.

"हळू," त्या म्हणाल्या. शब्द सगळे हवेत विरघळून बाहेर येत होते, पण कळत होते. "सकाळी धुताना निसटली. बेसिनमध्ये पडली. एक कपचा गेला पाण्याबरोबर, जोडता येत नाही."

"बेसिनमध्ये आधी पाणी भरून घ्यायचं असतं, आई. तुम्हीच सगळ्यांना सांगता."

"मला शिकवू नका!"

"आणि अक्रोड?"

"कुणी आणला कधी अक्रोड?" सासूबाई खुर्चीवर बसल्या. "तुमची मुलगी पाळण्यात होती तेव्हा गेले सगळे वरचे दात. हिरड्यांचा आजार. दात सांभाळायचं शिकवणारी बाई, आणि तिचेच दात असे. कुणाला सांगणार? एका रविवारी लॅब बंद असताना स्वतःचा साचा घेतला, स्वतःच केली. नंतर तो साचा मशीनमध्ये घातला, गरज पडली तर असावा म्हणून. पोटातल्यात आहे. मधे एकदा तुमच्याकडूनच नवी कापून घेतली, तुम्हाला पत्ता लागू न देता."

"मी? कुणाच्या नावाने?"

सासूबाईंनी नजर चोरली. "पलीकडच्या लॅबवालीच्या."

पलीकडची लॅबवाली म्हणजे सासूबाईंची जुनी वैरीण. जावईबापूंच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला. "म्हणजे त्यांची कवळी नव्हतीच ती? आई, मी त्यांना बँकेत भेटलो होतो. रांगेत सगळ्यांसमोर विचारलं मी, कवळी टोचत नाही ना म्हणून!"

"कळलं होतं मला," सासूबाई म्हणाल्या, आणि त्या बिनदाताच्या तोंडावरसुद्धा थोडं समाधान उमटलं.

"मला त्यांची माफी मागायला हवी."

"उद्या मागा. आज दात द्या." मग त्यांचा आवाज एकदम उतरला. "जावईबापू, दुपारी सगळ्या पोरापोरींपुढे उभं राहायचंय मला. हे तोंड घेऊन कशी जाऊ? सगळा जन्म लोकांची तोंडं झाकली मी. माझं उघडं पडलं तर लॅबमध्ये पाऊल टाकायला लाज वाटेल मला."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. या बाईंना रडताना बघायची वेळ येईल असं जावईबापूंना स्वप्नातही वाटलं नव्हतं, आणि त्यांना ते अजिबात सहन झालं नाही. त्यांनी माऊस धरला.

"आई, पण हे खोटं आहे."

"मी डोळे मिटते. दाबा."

त्यांनी स्वतःचेही डोळे मिटले आणि 'हलवलं' दाबलं.

काही झालं नाही. म्हणजे कुठे गडगडाट झाला नाही, कॉम्प्युटरने उलट विचारलं नाही, की नक्की का. पोटातला उठला, दातांचं सॉफ्टवेअर उघडलं, परवान्याने तोंडातून चकार शब्द काढला नाही. सगळे जबडे ओळीने समोर आले. 

"इतकं सोपं असतं?" जावईबापू थोडेसे नाराज होऊन म्हणाले.

"पहिलंच अवघड असतं," सासूबाई म्हणाल्या. "काढा माझी फाईल."

मशीन घरघरत सुरू झालं. दार बंदच होतं. बाहेरून बायकोने ठोठावलं, "आत काय चाललंय?" आतून जावईबापूंनी "काम!" असं ओरडून सांगितलं, जे खरं होतं. कवळी निघाली तशी सासूबाईंनी ती हातात घेतली, खिडकी नव्हती म्हणून दिव्याखाली धरली, कडा घासल्या, पॉलिश केली, पुन्हा घासली. मग पाठ फिरवून त्यांनी ती बसवली आणि वळल्या, तेव्हा गाल भरले होते, ओठ जागेवर होता, आणि सासूबाई परत आल्या होत्या.

"कशी दिसते?"

जावईबापूंनी वाकून पाहिलं. सवयीने चष्मा वर गेला.

"ओळखू येत नाही," ते म्हणाले. आणि हे अगदी खरं होतं, म्हणून त्यांना फार बरं वाटलं.

सासूबाई कडीकडे गेल्या आणि थांबल्या. "बाहेर विचारतील. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, मला माहितीये. पण हे आपल्या दोघांतच राहिलं तर..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. दार उघडलं आणि पहिला आवाज काढला तो प्लास्टरवाल्याच्या नावाने. सगळी यंत्रं एकदम कुणी लावायला सांगितली, फ्यूज काय तुझ्या बापाचा आहे का, एवढी वर्षं झाली तरी अक्कल नाही, असा पट्टा सुरू झाला. प्लास्टरवाला खाली मान घालून ऐकत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, की बाई पगारवाढ देतायत की काय असं बघणाऱ्याला वाटावं.

बायको मात्र सरळ जावईबापूंसमोर येऊन उभी राहिली. सासूबाई चार पावलांवर पर्समध्ये काहीतरी शोधायचं निमित्त करत होत्या.

"अहो, कवळी कुणाची कापली आत्ता?"

जावईबापूंनी बायकोकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, चपलांकडे पाहिलं.

"कुणाची नाही," ते म्हणाले. "मशीन चालतंय का बघत होतो."

कान लालबुंद, आवाज किरटा, हात चष्म्याशी. इतकं भिकार खोटं त्या लॅबने कधी ऐकलं नव्हतं. बायकोने ते लाल कान नीट बघून घेतले. मग म्हणाली, "बरं," आणि वळून आईला म्हणाली, "आई, निघ आता. उशीर होतोय."

सासूबाई निघाल्या. पायरी उतरताना त्यांनी एकदा मागे वळून जावयाकडे पाहिलं.

त्या गेल्यावर बायको आतल्या खोलीत आली. मशीनखाली पडलेला गुलाबी भुसा तिने बोटावर घेतला, पाहिला, झटकला.

"आईची फुटली होती ना?"

जावईबापूंच्या पायाखालची जमीन सरकली. "तुला माहीत आहे?"

"मला काय, सगळ्यांना माहीत आहे. प्लास्टरवाल्याला, पॉलिशवालीला, त्या दुरुस्तीवाल्याला. आपल्या मुलीला शाळेत असल्यापासून माहीत आहे. आईला वाटतं कुणाला ठाऊक नाही, म्हणून आम्ही गप्प बसतो. तिला कळू देऊ नका हं."

"आणि मला का नाही सांगितलं?"

बायकोने भुवया उंचावल्या. उत्तर द्यायची गरजच नव्हती. जावईबापू खुर्चीत बसले. एका घरात, एका लॅबमध्ये, रोज त्याच माणसांत ते वावरत होते आणि त्यांना वाटत होतं, आपल्यापाशी सगळं उघड असतं. आपण सगळ्यांना खरं सांगतो, तसं सगळे आपल्याला सांगतात. त्यांना फार एकटं वाटलं, आणि आजवर किती वेळा खोलीत शिरल्यावर बोलणं थांबलं होतं, ते एकेक करून आठवायला लागलं.

"अजून काय काय आहे?" त्यांनी विचारलं. "मला माहीत नसलेलं?"

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. लाल झालेले कान अजून उतरले नव्हते. मग तिने दार लावून घेतलं, कडी घातली आणि स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसली.

"कुणापासून सुरू करू?" ती म्हणाली. "तुमच्या भावापासून, की आपल्या मुलीपासून?"

जावईबापूंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"मुलीपासून," ते म्हणाले.